खालच्या काकांचा स्टंपर

आमच्या खालच्या काकांनी उभ्या आयुष्यात कोणाच्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही, आणि तरीही ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोक ज्याच्याकडे एवढे विचारायला येतात असा माणूस दुसरा झाला नाही, हे मी कोणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. साधं ‘काका, किती वाजले?’ विचारलं तरी ते घड्याळ मुठीत झाकून म्हणायचे, “दोन्ही काटे एकमेकांवर रुसून विरुद्ध दिशांना तोंडं करून बसलेत, आणि काकूने अजून बंब पेटवलेला नाही. सांग.” आता सकाळचे सहा वाजलेत हे कळण्यासाठी एवढा खटाटोप कोण करील? पण आम्ही करायचो. डोंबिवलीत आमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर आणि त्यांचं खाली, म्हणून ते खालचे काका. त्या न्यायाने त्यांनी मला ‘वरच्या’ हे नाव ठेवलं. माझं बारशात ठेवलेलं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

काका मुंबईला एका सरकारी कचेरीत होते. त्यांचा वरचा अधिकारी इंग्रज. हा साहेब विलायतेहून येणाऱ्या साप्ताहिकातली कोडी सोडवण्यात सकाळ घालवायचा आणि दुपारी सरकारी काम उरकायचा. एखादं कोडं अडलं, किंवा एखाद्या अर्जाचा अर्थ कोणालाच लागेनासा झाला, की तो खुर्ची मागे ढकलून, पाय टेबलावर टाकून, समाधानाने म्हणायचा, “नाऊ, दॅट्स अ स्टंपर!” काका या शब्दाच्या प्रेमात पडले. माणसं बाईच्या प्रेमात पडतात, गाण्याच्या पडतात. काका शब्दाच्या पडले आणि शेवटपर्यंत त्यातून उठले नाहीत. स्वातंत्र्य मिळालं, साहेब गाशा गुंडाळून निघाला. जाताना त्याने कोणाला टोपी दिली, कोणाला टेबलावरचा दिवा, हेडक्लार्कच्या गळ्यात तर त्याचा कुत्रा पडला. काका सांगायचे, “मला म्हणाला, तुला काय देऊ? मी म्हटलं, साहेब, तुमचा तो शब्द ठेवून जा. तो हसला आणि म्हणाला, ठेव. तेव्हापासून हा शब्द माझा. रीतसर मिळालेला आहे, चोरलेला नाही.”

आणि रीतसर मिळालेल्या मालाची माणूस जशी निगा राखतो तशी काकांनी या शब्दाची राखली. मराठीत एवढे शब्द असताना हा पाहुणा कशाला, असं कोणी म्हटलं की ते सरसावून बसायचे. ‘कोडं’ म्हणजे त्यांच्या मते साप्ताहिकातले काळे-पांढरे चौकोन. ते भरायचे, कापायचे आणि बक्षिसाची वाट पाहत बसायचं. ‘उखाणा’ लग्नात घ्यायचा, त्याचं उत्तर अख्ख्या मांडवाला आधीच ठाऊक असतं, तिथे डोकं कुठे लागतं? ‘हुमाण’ आजोळी जेवणानंतर घालायचं, ते ऐकता ऐकता झोप लागली पाहिजे. ‘कूट’ म्हटलं की आत काकू शेंगदाणे भाजायला घेतात. “स्टंपर निराळा,” काका म्हणायचे. “शेत नांगरताना मातीत गाडलेला झाडाचा बुंधा लागतो, नांगर जागच्या जागी अडतो, बैल वळून शेतकऱ्याकडे बघतात. त्या बुंध्याला इंग्रज स्टंप म्हणतो. डोक्याचा नांगर तसा अडला पाहिजे. बैलांनी वळून बघितलं पाहिजे!”

शब्दाचं व्याकरणही त्यांनीच ठरवलं होतं. शब्द पुल्लिंगी, तो स्टंपर, ते स्टंपर. कोडं घालतात, स्टंपर टाकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा, की स्टंपर कधी सुटत नाही. सुटतो तो माणूस. कोणी बरोबर उत्तर दिलं की काका त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, “सुटलास.” पण असं क्वचितच व्हायचं. ज्याला उत्तर यायचं नाही त्याला ते उत्तर सांगायचे नाहीत. “विचार कर आणि परत ये,” एवढंच. माणसं परत यायची. स्टेशनापासून घरापर्यंत काकांना अडवून कोणी ना कोणी विचारत असायचं, “काका, मांजर होतं का?” आणि काका प्रसन्नपणे मान हलवून पुढे जायचे.

एकदा शाळेतले इंग्रजीचे मास्तर जाडजूड डिक्शनरी काखोटीला मारून खाली आले. “अहो, यात स्टंपर म्हणजे कोडं असं कुठेही दिलेलं नाही. तुमचा शब्द खोटा आहे.” काकांनी डिक्शनरी हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि परत दिली. “मास्तर, शब्द साहेबाच्या तोंडात होता. ही साहेबाच्या तोंडात मावली असती का?” मास्तर डिक्शनरी पुन्हा काखोटीला मारून निघाले, पण पायरीवर थांबून त्यांनी हळूच विचारलं, “ते परवाचं... त्यात दोन भाऊ होते की तीन?” खाडीकडच्या गावातून भाजी घेऊन येणारी बाई तेवढी काकांना पुरून उरायची. काका टोपलीशी उकिडवे बसून तिला स्टंपर टाकायला लागले की ती तागडी खाली ठेवून आपल्या आगरी बोलीत, ‘ड’चा ‘र’ करत म्हणायची, “काका, वांगी घेवाची का कोरी घालाची?” आणि काका ओरडायचे, “घालाची नाही गं, टाकाची!”

हे सगळं गमतीत खपून गेलं असतं. पण काकांना कुमुद नावाची मुलगी होती.

खरं म्हणजे दोन मुली. थोरलीला नागपूरला दिलेली. तिचा नवरा पहिल्या दिवाळसणाला आला, आंघोळ केली, अंगठी घातली आणि जो गेला तो पुन्हा डोंबिवलीत दिसला नाही. कुमुद धाकटी. मॅट्रिक झालेली, म्युनिसिपालटीच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची, आणि हसताना पदर तोंडाला लावायची नाही. तिच्या वयाच्या मुलींची दुसरी बारशी उरकली होती. काकू स्थळं शोधून शोधून थकल्या होत्या. आणि आलेलं प्रत्येक स्थळ काका दिवाणखान्यातच गारद करायचे. कारण कुमुदला बघायला येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी एक खास स्टंपर राखून ठेवला होता. तो इतरांना ते टाकायचे नाहीत. त्याला ते ‘घरचा’ म्हणायचे.

घरच्या स्टंपरची पद्धत अशी. मुलगा आला की काका त्याला एका विशिष्ट खुर्चीवर, दक्षिणेकडे तोंड करून बसवायचे. आता आपल्यात भल्या माणसाला कोणी दक्षिणेला तोंड करून पाटावरसुद्धा बसवत नाही. काकू आतून खुणा करायच्या, पाहुण्या बायका एकमेकींकडे बघायच्या. मग काका समोर बसून विचारायचे, “तुमचं तोंड दक्षिणेला आहे. तुम्ही जे शोधताय ते तुमच्या पाठीशी आहे. काय ते सांगा.”

ठाण्याचं एक स्थळ आलं होतं तेव्हा मी जास्तीच्या खुर्च्या पोचवायला खाली गेलेलो. मुलाची आई म्हणाली, “अहो, दक्षिणेला तोंड करून बसवलंत माझ्या मुलाला?” काका म्हणाले, “जेवायला नाही बसवलं वहिनी, विचार करायला बसवलंय.” मुलाचे वडील उठलेच. “आम्ही मुलगी बघायला आलोत, परीक्षेला बसायला नाही!” खडवलीकडून आलेला मुलगा बिचारा सरळ होता. त्याने मागे वळून पाहिलं, मग खुर्चीखाली पाहिलं, मग उशी उचलून पाहिली. तिसऱ्या मुलाचा मामा मात्र भडकला. “पाठीशी काय आहे म्हणजे? आमच्या मुलाच्या पाठीशी कसलीही भानगड नाही! कोणी सांगितलं तुम्हाला?” त्याचा चेहरा असा काही झाला, की भानगड निश्चित असावी असं मला वाटलं. पण तीही सोयरीक मोडली, आणि काकूंनी तळलेले साबुदाण्याचे वडे आमच्याकडे वर आले.

ते वडे घेऊन आलेल्या काकू आमच्या आईजवळ डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, “वरच्या, तू तरी सांग रे त्यांना. तुझं ऐकतील. पोरीचं वय थांबणार आहे का यांच्या त्या मेल्या स्टंपरसाठी?” काका माझं ऐकतील हे काकूंना कोणी सांगितलं देव जाणे. पण मी काही बोललो नाही याचं कारण वेगळं होतं. कुमुदचं लग्न न जमण्यात मला तितकंसं दुःख नव्हतं. मी दर दोन दिवसांनी काही ना काही निमित्त काढून खाली उतरत होतो. कधी आमची चाळण यांच्याकडे राहिली आहे का बघायला, कधी यांची आमच्याकडे नाही ना हे सांगायला. आमच्या घरात चाळण एकच आणि ती खिळ्याला लटकलेली असायची, हे खाली सगळ्यांना माहीत होतं.

आणि मग तो दिवस आला. आईने अळूवडीची ताटली देऊन पाठवलं. काकांनी माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. “बस वरच्या. तिथे नको. इथे.” मी त्या खुर्चीवर बसलो. तोंड दक्षिणेला. माझ्या मागे स्वयंपाकघराचं दार होतं, आणि आतलं भांड्यांचं वाजणं एकाएकी थांबलं. काकांनी घरचा स्टंपर टाकला. शब्दन् शब्द तोच, पण आवाज जरा कापरा.

माझी एक खोड सांगितली पाहिजे. शाळेपासून मला काही येत नसलं की मी आधी मोठ्याने, ठासून ‘उत्तर’ म्हणायचो आणि मग विचार करायला लागायचो. मास्तरांना वाटायचं गाडी सुटली, आता येईलच. त्यात अर्धा मिनिट तरी मिळायचा. त्याप्रमाणे मी छाती पुढे काढून खणखणीत आवाजात म्हणालो, “उत्तर!” आणि विचार करायला लागलो.

काका खुर्चीतून उभे राहिले होते.

“काय म्हणालास?”

“उत्तर...” मी म्हणालो. पुढचं अजून सुचायचं होतं.

“शाबास,” काका म्हणाले. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. “सुटलास रे वरच्या.” पण त्यांचा आवाज दुकानाला फळी लावणाऱ्या वाण्यासारखा होता. कुमुद बाहेर आली, रिकामी झालेली ताटली माझ्या हातात देऊन म्हणाली, “अभिनंदन.” हा शब्द त्या सुरात मी त्याआधी किंवा नंतर कधी ऐकलेला नाही, दुखवट्याच्या सभेत चालून गेला असता. मी मात्र जिना चढताना दोन-दोन पायऱ्या चढलो. गोष्टीत स्टंपर सोडवणाऱ्याला राजकन्या मिळते, हे मला पक्कं माहीत होतं.

आपण काय उत्तर दिलं, हे मला पुढच्या आठवड्यात माझ्या कचेरीतल्या भिंतीवरच्या नकाशासमोर कळलं. नकाशाच्या डोक्यावर बाण होता आणि बाणाच्या टोकाशी लिहिलं होतं : उत्तर. दक्षिणेला तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीशी उत्तर असते, आणि शोधत असतो तेही उत्तरच! मी नकाशासमोर एकटा इतका मोठ्याने हसलो की शिपाई पाणी घेऊन आला. पण संध्याकाळी खाली गेलो तर काकांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि विचारलं, “काही काम होतं का?” इतक्या वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. दुसरा स्टंपर टाका म्हटलं तर म्हणाले, “सुटलेल्या माणसाला मी परत अडकवत नाही.” चाळणीचं निमित्त मला त्या दिवशी काही केल्या जिभेवर येईना.

तेवढ्यावर माझ्या मूर्खपणाने थांबायला हवं होतं. पण त्या थंडीत कल्याणच्या टीमशी आमची मॅच ठरली. भात कापून रिकाम्या झालेल्या शेतातलं आमचं मैदान. त्यात ढेकळं फोडून केलेली खेळपट्टी उत्तर-दक्षिण. मी टीममध्ये होतो तो बॉल माझ्या मालकीचा होता म्हणून. सामन्याच्या तोंडावर आमच्या यष्टिरक्षकाला गालगुंड झालं, आणि आमचा कॅप्टन वसंता मला म्हणाला, “कुठूनही स्टंपर आण, नाहीतर तूच उभा राहा.” त्या काळी मैदानावर यष्टिरक्षकाला सगळे स्टंपरच म्हणायचे. मी जिन्यात आईला ओरडून सांगत होतो, “अगं, रविवारी स्टंपर मिळाला नाही तर नाक कापलं जाईल!” तेवढ्यात खालून काकांचा आवाज आला, “स्टंपर ना? मी येतो घेऊन. किती हवेत?”

“एक पुरे हो काका!”

इतकी वर्षं काकांच्या तोंडी हा शब्द ऐकलेल्या माणसाने यात काय समजायला हवं होतं? पण काकांचा एक भाचा ठाण्याला क्रिकेट खेळतो असं मी ऐकून होतो. मी सरळ वसंताला सांगून मोकळा झालो की ठाण्याचा पट्टीचा स्टंपर येतोय.

रविवारी काका आले. धोतर, कोट, काळी टोपी, आणि एकटेच. चहाच्या सुट्टीत आपला कार्यक्रम असावा अशा समजुतीने त्यांनी आदल्या दिवशी दाढीही करून घेतली होती. वसंता माझ्याकडे बघत राहिला. “हा तुझा पट्टीचा स्टंपर?” मी काकांना बाजूला घेऊन घोटाळा सांगितला. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे जो दांडक्यांच्या मागे उभा राहून माणसाला पेचात पकडतो, त्यालाही स्टंपरच म्हणतात? साहेबाने हे सांगितलंच नव्हतं मला!” आणि दुसरा माणूस नसल्यामुळे, धोतरावर पॅड बांधून, टोपी तशीच ठेवून, काका यष्ट्यांमागे उभे राहिले.

बॉल त्यांना अडवता येत नव्हता. तो सीमेकडे जायचा आणि काका जाऊ द्यायचे. कल्याणचा सलामीचा खेळाडू दामले आम्हाला झोडपत होता. मधल्या वेळात काकांनी त्याच्याशी बोलणं सुरू केलं.

“कल्याणचेच का तुम्ही?”

“हो. मूळचे रत्नागिरीकडचे.” दामलेने चौका मारला.

“छान. नोकरी?”

“पोस्टात.” आणखी एक चौका.

“गोत्र?”

दामलेने वळून बघितलं. मिडऑनवरून वसंता ओरडला, “काका, क्षेत्ररक्षण!” मग माझी ओव्हर आली. मी बॉल टाकायला धावत निघालो तेव्हा काकांचा ओळखीचा आवाज मला अर्ध्या वाटेत ऐकू आला. “तुमचं तोंड दक्षिणेला आहे. तुम्ही जे शोधताय ते तुमच्या पाठीशी आहे. काय ते सांगा.” माझा पाय अडखळला आणि बॉल हातातून निसटून उंच, संथ, अजागळ असा गेला. कोणीही तो पार कल्याणच्या दिशेने भिरकावला असता. दामले तो मारायला दोन पावलं पुढेही आला. पण त्याच्या डोक्याचा नांगर अडला होता. मारता मारता त्याने वळून मागे पाहिलं. बॉल त्याच्या बॅटीजवळून गेला, काकांच्या गुडघ्यावर आपटला आणि उलटून यष्ट्यांवर. दोन्ही बेल्स खाली. अंपायर म्हणून उभे असलेल्या इंग्रजीच्या मास्तरांनी बोट वर केलं आणि गंभीरपणे म्हणाले, “स्टंप्ड.” मग काकांकडे बघून पुढे म्हणाले, “दोन्ही अर्थांनी.”

मॅच आम्ही हरलोच. पण दामले बाद होऊन सीमेपर्यंत गेला, पॅड सोडले आणि तसाच परत आला. “अहो काका, पण पाठीशी काय होतं?”

“विचार करा,” काका गुडघा चोळत म्हणाले, “आणि रविवारी घरी या.”

तो आला. मी वरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पांघरुणाआडून सगळं ऐकायचो. पहिल्या रविवारी तो म्हणाला, “माझं उत्तर, सावली.” काका म्हणाले, “सावली कोणी शोधत नसतं.” त्या दिवशी कुमुद पोहे घेऊन बाहेर आली, मी वरून फक्त बांगड्या ऐकल्या. दुसऱ्या रविवारी दामले म्हणाला, “काका, जवाब सापडला. हिमालय!” तिसऱ्या रविवारी, “आजचा जवाब पक्का. ध्रुवतारा.” कधी कुबेर, कधी बदरीनाथ. स्वारी जवळजवळ पोचायची आणि अगदी उंबऱ्यावरून मागे फिरायची. मला त्याची कीव यायची. पोस्टात नोकरी करणाऱ्या माणसाने इतकं ढ असावं? आणि हे सारखं जवाब जवाब काय! कल्याणच्या बाजारात उठबस जास्त असेल, म्हणून सोडून द्यायचो. काकू मात्र आता आईजवळ रडायच्या नाहीत. रविवारी सकाळी खालून खोबरं किसल्याचा आवाज यायचा. एका रविवारी दामले जेवायला थांबला, आणि काकांनी त्याचा पाट स्वतःच्या हाताने पूर्वेकडे वळवून मांडला. तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी कळल्यासारखं झालं.

कुमुदचं लग्न वैशाखात झालं. पंक्ती उठल्यावर काका मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. मी सरबत नेऊन दिलं आणि मला राहवलं नाही. “काका, दामल्यांनी उत्तर दिलं का हो शेवटी?”

“नाही.”

“मग तुम्ही मुलगी कशी दिलीत? मी तर एका दमात...” इथे मी थांबलो, कारण मला माझंच ऐकू आलं.

काकांनी माझ्याकडे मायेने बघितलं. “अरे वरच्या, त्याला दुसऱ्या रविवारपासून येत होतं. तू वर गॅलरीत कान लावून बसायचास ना? मग ऐकलं नाहीस? पहिल्या रविवारी पोरगा नीट ‘माझं उत्तर, सावली’ म्हणाला होता. पुढच्या रविवारपासून जवाब, जवाब! रत्नागिरीकडचा माणूस जवाब कशाला म्हणेल? तो शब्द तोंडात येऊ देत नव्हता. चुकून निघाला असता तर सुटला असता ना.” त्यांनी सरबताचा घोट घेतला. “थोरल्या जावयाने या स्टंपरचं उत्तर पाट मांडायच्या आत दिलं होतं. हुशार माणूस. दिलं, अंगठी घेतली आणि गेला. मला उत्तर देणारा नको होता रे. परत येणारा पाहिजे होता.”

मला ती खुर्ची आठवत होती. माझ्या पाठीशी स्वयंपाकघराचं दार होतं, भांडी वाजायची थांबली होती, आणि काका मला सांगत होते की तू जे शोधतोयस ते तुझ्या पाठीशी आहे. खडवलीच्या त्या सरळ पोरानेसुद्धा वळून पाहिलं होतं.

पुढे माझं लग्न झालं, चांगलं झालं. आमच्या हिला ही सगळी हकीकत ठाऊक आहे, आणि चाळण कुठे ठेवली आहे हे ती मला मुद्दाम विचारते. आम्ही ठाण्याला बिऱ्हाड केलं. दामले मात्र दर रविवारी कल्याणहून येत राहिला, आधी दोघं, मग कडेवर एक. काकू गेल्या तेव्हा तोच खांदा द्यायला पुढे होता. नंतर त्याची बदली लांब झाली आणि त्याचे रविवार सणांपुरते उरले.

एका दुपारी मी डोंबिवलीला गेलो होतो म्हणून खाली डोकावलो. काका खिडकीशी बसलेले. फार वाळले होते. मला बघून म्हणाले, “कोण, वरच्या? बस. तिथे नको. इथे.” तीच खुर्ची. तीच दिशा. स्वयंपाकघराचं दार मागे होतं आणि आत कोणीही नव्हतं. मी उगीचच एकदा वळून पाहून घेतलं.

“तुझं तोंड दक्षिणेला आहे,” काका म्हणाले. “तू जे शोधतोयस ते तुझ्या पाठीशी आहे. काय ते सांग.”

हा स्टंपर त्यांनी मला पूर्वी टाकला होता हे ते विसरले होते की काय, मला कळेना. जुन्या सवयीने ‘उत्तर’ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन उभा राहिला. मी तो गिळला.

“नाही येत काका,” मी म्हणालो. “पुढच्या रविवारी येतो. तेव्हा जवाब देतो.”

काकांनी मान वर केली. “जवाब?” ते म्हणाले, आणि मग हळूहळू हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी हात पुढे केला. पाठीवर ठेवतील असं वाटलं होतं, पण ठेवला नाही. माझा हात धरून बसून राहिले.

त्यानंतर जितके रविवार मिळाले तितके मी गेलो. सावली सांगितली, ध्रुवतारा सांगितला, कुबेर सांगितला, दामल्याचे सगळे जुने जवाब वापरून संपवले आणि मग माझे स्वतःचे मूर्ख जवाब सुरू केले. मूर्खपणात मी कमी पडलो नाही. प्रत्येक वेळी काका म्हणायचे, “विचार कर आणि परत ये.” शेवटच्या रविवारीही त्यांनी तेवढंच म्हटलं.

अजून मी सुटलेलो नाही.